जी चहा ओतेल ती

बुलढाण्याच्या एस.टी. स्टँडसमोर त्या काळी एक हॉटेल होतं. तिथे चहा दोन तऱ्हांनी मिळे. साधा चहा कपात भरून येई. तो बशीत सांडलेला असे आणि गिऱ्हाईक आधी बशी संपवून मग कपाकडे वळे. दुसरा ट्रेचा चहा. त्यात चिनीमातीच्या किटलीत चहाचं पाणी, दूध वेगळं, साखर वेगळी, आणि ओतायचं काम आपलं आपण. ट्रे मागवणारे बहुतेक वकील किंवा कचेरीतले साहेब असत. खेड्यावरून बाजाराला आलेला शेतकरी ट्रे मागवत नसे. आमच्या घराने तो एकदाच मागवला.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं गाव धाडपासून जवळ. वडील गावचे सरपंच होते आणि पुढे जिल्हा परिषदेवर जाण्याची त्यांची इच्छा होती. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणावर ते भाषण करत. आता सगळे सारखे, जुन्या गोष्टी विसरा, असं सांगत. भाषण चांगलं होई. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि ते भाषण मीच त्यांना स्वच्छ अक्षरात लिहून देत असे.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती बुलढाण्याला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला होती. कोर्स दोन वर्षांचा. पहिल्या वर्षाला पाठवतानाच वडिलांनी आईला सांगितलं होतं की चांगलं स्थळ आलं तर दुसरं वर्ष नाही. ताईला हे माहीत होतं. म्हणून ती सुट्टीत घरी आली की पाहुण्यांची चाहूल घेत असे. एकदा चिखलीकडची मंडळी तिला पाहायला आली, तेव्हा ती पोह्याच्या बशा घेऊन ओसरीवर आली आणि मुलाच्या चुलत्याने नाव विचारताच म्हणाली, "मी दोन वर्षं लगन करनार नाही. तुमी पोहे खा." मंडळींनी पोहे खाल्ले नाहीत. पुढचे पंधरा दिवस वडील तिच्याशी बोलले नाहीत.

तिला काय हवं होतं ते तिने मला एकदा सांगितलं होतं. आम्ही अंगणात बसून माझ्या भूगोलाच्या वहीत नकाशे काढत होतो. ती म्हणाली, "मी वर्गात गेली की पोट्टे उठून उभे राहिले पायजे. आपल्या घरात तं मी आली की कोणी पायबी आखडत नाही." ती हे हसत म्हणाली होती.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. ताई पास झाली. त्याच आठवड्यात मामा आले आणि त्यांनी मेहकरकडचं एक स्थळ सांगितलं. मुलगा बांधकाम खात्यात ओव्हरसियर, घरची बागाईत जमीन. मुलाकडच्यांनाही मुलगी पाहायची घाई होती. चिखलीच्या मंडळींचं काय झालं हे वडील विसरले नव्हते, तेव्हा घरी पाहण्याचा कार्यक्रम ठेवण्यात अर्थ नव्हता. मामांनी उपाय काढला. निकालाच्या निमित्ताने वडिलांनी ताईला हॉटेलात चहाला न्यायचं. मुलाकडचे लोक आधीच दुसऱ्या टेबलावर येऊन बसतील. ते दुरून पाहतील आणि निघून जातील. पसंत पडली तर पुढचं बोलणं. नापसंत झाली तर कोणाला काही कळणार नाही, मुलीचं नाव कुठे जाणार नाही. आमच्या भागात तेव्हा ही पद्धत नुकती सुरू झाली होती आणि ती सोयीची समजली जात होती.

"पन एकटी पोरगी बापाबरोबर हॉटेलात बसली तं तिले संशय येईल," मामा म्हणाले. "तिच्या मैत्रिणीलेबी बोलवा, दाजी."

"अन् दोन पोरी दिसल्या तं ते कोनतीले पाहातीन?" वडिलांनी विचारलं.

मामांनी याचाही विचार केला होता. ट्रेचा चहा मागवायचा. त्यांना सांगून ठेवायचं की जी चहा ओतेल ती आपली मुलगी. ओतताना हात दिसतो, बसणं दिसतं, स्वभाव दिसतो.

मला हे वडिलांनी बसमध्ये सांगितलं. बुलढाणा जवळ आलं तेव्हा ते माझ्याकडे वाकले आणि म्हणाले, "ट्रे आला की तू ताईले म्हनशीन, ताई, तू ओत. तू म्हनला की ते ओतीन. मी म्हनलं तं तिले शंका येईल." मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "समजलं ना बे?" मी पुन्हा हो म्हणालो.

वसतिगृहाच्या फाटकावर ताई आणि तिची मैत्रीण उभ्या होत्या. ताईने निकालासाठी ठेवलेलं हिरवं पातळ नेसलं होतं. मैत्रीण लोणारकडची, बारीक अंगाची, चष्मा लावणारी. तिच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धर्म स्वीकारला होता. ताई आणि ती एका खोलीत राहत आणि एका ताटात जेवत. हे ताईने घरी सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं. मैत्रीण बौद्ध आहे हे मात्र वडिलांना ठाऊक होतं. हॉटेल कायद्याने सगळ्यांना खुलं होतं आणि जिल्ह्याच्या गावी कोणी कोणाला विचारत नसे. वडिलांनी तिला "ये बेटा" म्हणून बरोबर घेतलं. त्या दिवशी ती त्यांच्या कामाची होती.

हॉटेलात शिरलो तेव्हा चार वाजायला आले होते. मागच्या भिंतीजवळच्या टेबलावर तिघे बसले होते. दोन टोपीवाले आणि एक टेरिलीनचा सदरा घातलेला तरुण. त्यांच्यासमोर साधा चहा होता आणि तो कोणी पीत नव्हतं. आमचं बोलणं त्यांना ऐकू जाऊ नये इतकं अंतर वडिलांनी राखलं. मामा आत आले नाहीत, ताईने ओळखलं असतं. ते समोरच्या पानठेल्यावर आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

वडिलांनी आलुबोंडे आणि ट्रे मागवला. ताईला हसू आलं.

"बाबा, ट्रे? आपन काय वकील हाओ का?"

"पास झाली ना तू. मंग?"

"पास झाल्यावर एवढं, तं पुढच्या वर्षी पुरी झाल्यावर काय करसान?"

वडील म्हणाले, "पाहू." तेवढ्यात दारातून पंचायत समितीचे एक सभासद आत आले आणि वडिलांना पाहून गल्ल्यापाशी थांबले. वडील उठून त्यांच्याकडे गेले. हा माणूस जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी उपयोगी होता. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून किंचित दाबला.

ट्रे आला. किटली मोठी, पांढरी, तोंडाशी बारीक चीर गेलेली. ताईने ती उचलून पाहिली आणि परत ठेवली.

"जड हाये व माय. माह्यानं सांडन. तू ओत," ती मैत्रिणीला म्हणाली.

"तुह्या बापाचा चहा अन् मी ओतू?" मैत्रीण म्हणाली.

"तुले येते ना पन. मले नाही जमत."

"मलकापूरच्या स्टेशनावर माहा भाऊ हाये कामाले. तिथं साहेब लोकाईचे ट्रे पाह्यले मी. ओतले नाही कधी." तिने पातळाचा पदर खोचला. "पाहा बरं, कशी ओतते मी. सायबीनवानी."

या क्षणी माझं काम होतं. तीन शब्द होते. मी ते म्हटले नाहीत.

मी विसरलो नव्हतो. ट्रे येण्याच्या आधीच माझा विचार झाला होता, आणि मैत्रिणीच्या हातात किटली गेली तेव्हा तो पक्का झाला. त्या काळी चष्म्याची मुलगी म्हटलं की लोक पुढे बोलतच नसत. मागच्या टेबलावरचे लोक मैत्रिणीला पाहतील, चष्मा पाहतील, नाही म्हणतील. ताईचं दुसरं वर्ष वाचेल. मैत्रिणीला काही कळणार नाही, ताईला काही कळणार नाही, वडिलांना वाटेल स्थळ जमलं नाही. सोळाव्या वर्षी मला हे चोख वाटलं होतं.

मैत्रिणीने पाच कप मांडले, मग एक परत ठेवला. डाव्या हाताने किटलीचं झाकण धरलं आणि एका धारेत चारही कप भरले. थेंब सांडला नाही. दूध घातलं, साखर विचारून घातली. मला म्हणाली, "तुले किती रे? मॅट्रिकवाल्याले जास्त लागते, डोकं चालत नाही." ताई मोठ्याने हसली. मी मागच्या टेबलाकडे पाहिलं. तिघेही पाहत होते. टोपीवाल्यांतला एक दुसऱ्याला काही म्हणाला.

वडील परतले तेव्हा कप भरलेले होते. त्यांनी भुवया उंचावून मला विचारलं. मी हो अशी मान हलवली.

आम्ही अर्धा तास बसलो. ताई बशीत चहा ओतून फुंकून प्यायली. मैत्रीण तिला म्हणाली, "मास्तरीन होनार तू, कपानं पी." दोघींनी पुढच्या वर्षी एकाच शाळेत नेमणूक कशी मागायची याचा बेत केला. वडील ऐकत होते आणि मान डोलावत होते. मैत्रिणीने दिलेला कप त्यांनी पूर्ण प्यायला.

तीन दिवसांनी मामा आले ते पेढे घेऊन.

"पसंत हाये," ते ओसरीवर बसता बसता म्हणाले. "लय खूश हायेत. म्हने, पोरीचा हात किती स्थिर. थेंब सांडला नाही म्हने. अन् दाजी, चष्म्याचं त्याईनं मनावरच घेतलं नाही. पोरगा म्हने, शिकलेली हाये, चष्मा राहनारच."

आई आतून येत होती ती उंबऱ्यावर थांबली. वडील म्हणाले, "कोनता चष्मा?"

मामांनी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. मग वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "तू तं मान हालोली होती."

"मी पाह्यलं नव्हतं," मी म्हणालो. "मले वाटलं ताईनंच ओतला."

त्यांनी विश्वास ठेवला. निदान पुढे काही विचारलं नाही.

मामा दुसऱ्या दिवशी मेहकरकडे गेले. त्यांना वाटत होतं, चूक सांगितली की हसून सोडतील आणि ताईला पुन्हा पाहतील. त्यांनी सांगितलं की ओतणारी ती नव्हे, शेजारची हिरव्या पातळातली. मग ओतणारी कोण, असं त्या लोकांनी विचारलं. मामांना खोटं बोलायला सुचलं नाही. मुलाचे वडील उठून आत गेले, पाणी प्यायले आणि बाहेर येऊन म्हणाले, "सरपंच मानूस, अन् आमाले हे दाखोलं? अन् पोरगी तिच्या हातचा पिते?" स्थळ गेलं. ते कसं गेलं हे पुढच्या पंधरवड्यात चिखलीपासून धाडपर्यंत लोकांना कळलं. ज्या पद्धतीने नाव जाऊ नये म्हणून हे सगळं केलं होतं, त्याच पद्धतीने ते गेलं.

वडिलांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी एवढंच म्हटलं की तिथली संगत बरी नाही. ट्रेनिंग बंद. त्यांनी स्वतः त्या मुलीला बेटा म्हणून बोलावलं होतं, तिने ओतलेला चहा प्यायला होता, याची घरात कोणी त्यांना आठवण करून दिली नाही. मीही नाही. पुढच्या सव्वीस जानेवारीला त्यांनी तेच भाषण केलं. मी ते लिहून दिलं.

ताईला आणि तिची पेटी आणायला वडिलांनी मलाच पाठवलं. बसच्या टपावर हमालाने पेटी चढवली. मैत्रीण स्टँडवर आली होती. तिला तोवर सगळं समजलं होतं, ट्रेचं, खुणेचं, मेहकरच्या होकाराचं आणि नकाराचं. ताईशी ती नीट बोलली. माझ्याशी बोलली नाही. ज्या टेबलावर आम्ही बसलो होतो ते टेबल स्टँडवरून दिसत होतं. तिथे कोणी वकील बसले होते.

घरी आल्यावर आठ दिवसांनी ताईने मला विचारलं. ती ज्वारी पाखडत होती आणि सूप थांबवलं नाही.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"बसमधून."

"मंग मले सांगतलं काऊन नाही?"

मी माझा हिशोब तिला सांगितला. चष्मा, नकार, दुसरं वर्ष. ती ऐकून घेत होती.

"मले फाटकावर सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं मीच ओतला असता. असा ओतला असता का त्या म्हाताऱ्याच्या टोपीवर गेला असता. तुले वाटलं तू मले वाचोलं. तू मले विचारलंच नाही." मग म्हणाली, "अन् तिले मधात घातलं. तिचा काय संबंध होता?"

 हे प्रश्न तिने पुन्हा कधी विचारले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं. हिवरा आश्रमाच्या पुढे एका खेड्यात दिलं. शेतीवाडीचं घर, नवरा शांत, सासू करडी. या वेळी पाहण्याचा कार्यक्रम घरीच झाला. ताईने पोहे दिले, नाव सांगितलं, खाली मान घालून बसली. मैत्रिणीने दुसरं वर्ष पुरं केलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली.

मी शिकलो, अकोल्याला एका दैनिकात उपसंपादक झालो. ताईकडे वर्षातून एकदा जाणं होई. अशाच एका फेरीत, लग्नाला नऊ-दहा वर्षं झाली असतील, ताईने सहज सांगितल्यासारखं सांगितलं की तिची मैत्रीण बदली होऊन त्याच गावच्या शाळेत आली आहे.

"भेटता का?"

"शाळेच्या रस्त्यानं जाताना दिसते," ताई म्हणाली. "ते वर्गात गेली का सारे पोट्टे उठून उभे राहतात."

त्याच दिवशी दुपारी, चार-साडेचारला, मैत्रीण घरी आली. भेटायला नव्हे. ताईची थोरली मुलगी आठ दिवस शाळेत आली नव्हती. कापूस वेचायला माणसं कमी पडत होती म्हणून सासूने तिला शेतात धाडलं होतं. मैत्रिणीचा चष्मा आता जाड झाला होता आणि खांद्याला शबनम पिशवी होती. ती ओसरीच्या खालच्या पायरीपाशी उभी राहिली. तिला वर ये म्हणणारं कोणी नव्हतं. सासू बाजेवर बसली होती. ताई दारात होती. मी खुर्चीवर होतो, कारण मी पाहुणा होतो. मी उठून उभा राहिलो आणि तसाच राहिलो.

मैत्रिणीने मला ओळखलं. मान हलवली. मग ती सासूशी बोलली. मुलगी हुशार आहे, परीक्षा जवळ आली आहे, उद्यापासून पाठवा. सासू म्हणाली, "पाठवू. बसा बाई, चहा घ्या. गुर्जींले चहा न पाजता धाडत नाही आमी." स्वरात आदर होता. मग ताईला म्हणाली, "त्या बाईले चहा दे."

ओसरीच्या जोत्याच्या भिंतीत, पायरीजवळ, एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेली एक कपबशी होती. मैत्रिणीला ती काय आहे हे सांगावं लागलं नाही. ती तिने स्वतःच कोनाड्यातून काढली, रांजणाच्या पाण्याने विसळली असती, पण रांजण वर होता. म्हणून पदराने पुसून तिने ती पायरीवर ठेवली. हे तिला या गावात पहिल्यांदा करावं लागत नसावं.

ताई चहाचं पातेलं घेऊन बाहेर आली. तिने सासूकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. पातेलं कपाला लागू नये म्हणून तिने ते हातभर उंच धरलं आणि वरून ओतलं. धार कपात पडली, कप भरून वाहिला, बशी भरली आणि चहा पायरीवरून मातीत गेला. शिंतोडे मैत्रिणीच्या पावलांवर उडाले.

मैत्रीण खाली पाहत होती. तिने चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"अजून जमलं नाही तुले," ती म्हणाली.

ताई रिकामं पातेलं धरून उभी राहिली.  मैत्रीण सासूला म्हणाली, "पोरीले उद्या पाठवा," आणि अंगणातून निघून गेली. चहाला तिने हात लावला नाही.

सासू म्हणाली, "फार मिजास हाये." ताई आत गेली. आतून भांडी घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

भरलेला कप पायरीवर राहिला. तो उचलणार कोण, हा प्रश्न होता. ज्याने प्यायचा त्याने धुवून कोनाड्यात ठेवायचा अशी रीत होती, आणि पिणारी निघून गेली होती. घरातलं कोणी त्याला शिवत नव्हतं. मला साडेपाचची गाडी धरायची होती. मी पिशवी घेतली, सासूला नमस्कार केला, आत डोकावून ताईला येतो म्हणालो. तिने मागे न पाहता हो म्हटलं. बाहेर आलो तेव्हा कप तिथंच होता. त्यावर साय धरली होती. मी त्याला वळसा घालून पायरी उतरलो.